तिसऱ्या पन्हळीखालचा चहा

हिल्डा एंटविसलच्या अंत्यविधीत पाद्रीबाबांनी तिच्याबद्दल दोन गोष्टी सांगितल्या. एंटविसलबाईंनी स्पिनीफील्ड मिलमध्ये चव्वेचाळीस वर्षं कापड विणायचे साचे चालवले, आणि त्यांना चहा फार आवडायचा. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. माझ्या शेजारी बसलेला यूसुफ मलिक मात्र चुळबुळायला लागला.

"एवढंच?" तो माझ्या कानाशी म्हणाला. "मिस्टर के, हे काही बरोबर नाही. तुम्ही लिहा. नकाशा तुमच्याकडे आहे."

मला लिहिता येत नाही, हे मी त्याला सांगितलं. माझी सगळी नोकरी विदरशॉच्या नगरपालिकेत नकाशे काढण्यात गेली. रेघ चुकली तर ती पात्याने खरवडून काढता येते, वाक्याचं तसं होत नाही. पण घरी येऊन कपाटातली ती गुंडाळी काढली, टेबलावर पसरली, आणि मग गप्प बसवेना. शिवाय या हकिगतीची सुरुवात माझ्याच एका चुकीपासून होते. ती दुसऱ्या कोणी सांगण्यापेक्षा मीच सांगितलेली बरी.

स्पिनीफील्ड बंद पडली १९८० साली. पुढची चारमजली दगडी इमारत आणि मागची विणकामाची शेड, दोन्ही नगरपालिकेने घेतल्या. गावात काम उरलं नव्हतं. तेव्हा मिलचे छोटे छोटे गाळे पाडायचे आणि लहान कारखानदारांना भाड्याने द्यायचे असं ठरलं. पुढच्या इमारतीचं काही अवघड नव्हतं. प्रश्न होता शेडचा. ती अर्धी टेकडीच्या पोटात खणलेली, एकमजली, फरसबंदी जमिनीची. छप्पर करवतीच्या दात्यांसारखं, आणि प्रत्येक दात्याची उत्तरेकडची बाजू काचेची. दोन दात्यांच्या मधे पाणी वाहून न्यायला लोखंडी पन्हळी. एके काळी तिथे आठशे साचे धडधडायचे. आमचे विकास अधिकारी ग्रेंजरसाहेब दक्षिणेकडून नुकतेच आले होते. त्यांचं म्हणणं, ही शेड पाडून तिथे मालमोटारी उभ्या करायला जागा करावी. समिती म्हणाली, आधी गाळे पाडून बघू.

नकाशा काढायचं काम माझ्याकडे आलं. मी शेडचे चौदा सारखे भाग केले. सगळ्यांची लांबी सारखी, रुंदी सारखी, मधे छपरापर्यंत विटांच्या भिंती. नकाशा दिसायला फार सुबक होता. ग्रेंजरसाहेबांनी माझी पाठ थोपटली. माझी पाठ कोणी क्वचितच थोपटत असे, म्हणून ते लक्षात आहे.

किल्ल्या सांभाळायला आणि झाडलोट करायला हिल्डाला ठेवलं होतं. वय बासष्ट. बुटकी, जाड चष्मा, निळा अंगरखा. साच्यांच्या आवाजाने दोन्ही कान गेलेले. भिंती चढत होत्या तेव्हा ती झाडू टेकवून बघत उभी राहायची. एकदा मला म्हणाली, "राजा, तू या शेडला कप्पे पाडतोयस की थडगी बांधतोयस?"

मी हसलो. मला वाटलं, म्हातारीला जुन्या दिवसांची आठवण येतेय.

पहिल्या हिवाळ्यातच तीन जण सोडून गेले. सुताराच्या फळ्या वाकल्या. छापखानेवाल्याचा कागद कडांना वळायला लागला. चामड्याच्या पिशव्या शिवणाऱ्या बाईच्या सगळ्या मालावर हिरवी बुरशी आली. गावात बोललं जायला लागलं की स्पिनीफील्डची शेड अपशकुनी आहे. ग्रेंजरसाहेबांना हवं होतं ते आयतं मिळालं. एप्रिलच्या बैठकीत ते शेड पाडायचा ठराव मांडणार होते.

बैठकीच्या तीन आठवडे आधी मी मोजमापं घ्यायला शेडमध्ये गेलो. पाडायच्या आधीची मोजमापं. हिल्डाने मला फितीचं टोक जमिनीला लावताना पाहिलं आणि तिला कळलं.

"पाडणार?"

मी मान हलवली.

तिने खिशातून खडू काढला. साचेवाल्या बायकांच्या खिशात खडू असायचाच, कापडावर खुणा करायला. मिल बंद पडून चार वर्षं झाली तरी हिचा खडू सुटला नव्हता. "ये माझ्याबरोबर," ती म्हणाली. "आणि ती फीत ठेव तिकडे. फितीला काय कळतंय?"

ती मला एकदम मागच्या भिंतीशी घेऊन गेली. टेकडीला चिकटलेली भिंत. "हात लाव."

भिंत गार होती आणि किंचित ओली.

"ही ओल चुकून आलेली नाही, राजा. शेड टेकडीत खणली ती हिच्यासाठीच. हवा कोरडी झाली की ताण्याचे उभे धागे पटापटा तुटतात. इथे मागे तुटायचे नाहीत. म्हणून बारीक सुताचं काम सगळं इथे. आणि तू इथे चामडं ठेवलंस!" तिने कपाळावर हात मारला.

मग ती मला पुढे घेऊन आली, बॉयलरघराच्या भिंतीशी. "ही बाजू कोरडी. अजून कोरडी आहे, बॉयलर विझून चार वर्षं झाली तरी. इथे माझ्या मैत्रिणीचे, डोराचे, साचे होते. सोमवारी सकाळी तिचे इतके धागे तुटायचे की ती चर्चमध्ये बोलायला नको ते बोलायची. बॅरी सुताराच्या फळ्या इथे ठेवल्या असत्या तर पट्टीसारख्या सरळ राहिल्या असत्या. तू त्याला कुठे ठेवलंस? पश्चिमेच्या कोपऱ्यात. तिथे तर उन्हाळ्यातसुद्धा माझे गुडघे दुखायचे."

अशी ती तासभर चालली. प्रत्येक खांबाशी थांबून खडूने खूण करायची. कुठल्या साच्यावर कोण होतं, कोणाचे धागे कधी तुटायचे, कुठे काचेतून दुपारी चारपर्यंत असा उजेड यायचा की दोन काळ्या रंगांतला फरक दिसायचा, सगळं तिला पाठ होतं. मी वहीत लिहून घेत होतो. माझ्या चौदा सारख्या चौकोनांपैकी एकही बरोबर नव्हता.

"आणि भिंती छपरापर्यंत नेल्यास," ती शेवटी म्हणाली. "हवा फिरणार कुठून? त्या आठ फुटांवर तोड. खाली वीट, वर काच, आणि काचेच्या वर मोकळं. माणसाला माणूस दिसला पाहिजे."

"दिसून काय करायचं?" मी विचारलं.

ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मी काहीतरी फारच बाळबोध विचारलं होतं. "बोलायला, राजा. दुसरं काय?"

साच्यांच्या आवाजात तिकडच्या बायका ओठांनी बोलायच्या. आवाज काढायचाच नाही, ओठ मोठे मोठे हलवायचे, चेहरा आणि भुवया मदतीला घ्यायच्या. शेडच्या या टोकाची बाई त्या टोकाच्या बाईला सांगू शकायची की आज माझा नवरा उपाशी गेला, आणि जाऊ दे मेला. मिल बंद पडली तरी ही ओठबोली त्यांची सुटली नव्हती. बाजारात, बसच्या थांब्यावर, चर्चच्या दोन टोकांना बसून हिल्डा आणि डोरा अशाच बोलायच्या. पुढच्या तीन आठवड्यांत मी रोज संध्याकाळी नवा नकाशा घेऊन तिच्याकडे जात होतो. तिच्या बहिऱ्या कानांशी ओरडायची मला लाज वाटायची, म्हणून तिने मलाही ती बोली थोडी शिकवली.

"तुझा चेहरा फारच सभ्य आहे," ती म्हणायची. "जरा वाकडा कर. हां, आता 'पन्हळ' म्हण. पन्हळ म्हणतोयस की भजं खातोयस?"

नकाशा तयार झाला. तेरा गाळे, तेराही वेगळे. पण तो ग्रेंजरसाहेबांना दाखवायचं माझं धाडस होईना. त्यांनीच माझी पाठ थोपटली होती. रोज ठरवायचो, उद्या दाखवू. बैठकीच्या दिवशी तो तसाच गुंडाळलेला माझ्या मांडीवर होता.

बैठक नगरपालिकेच्या मोठ्या सभागृहात होती. लोकांना मागे बाकांवर बसता यायचं, पण बोलायची परवानगी नव्हती. हिल्डा आणि डोरा तिथे टोप्या घालून बसल्या होत्या. ग्रेंजरसाहेब पंधरा मिनिटं बोलले. तीन भाडेकरू गेले, शेड ओली आहे, तिचा उपयोग संपला. अध्यक्ष बटरवर्थ म्हणाले, "कोणाला काही बोलायचंय?"

कोणी हात वर केला नाही. मी मागे वळून बघितलं. हिल्डाचे ओठ हलत होते.

"ऊठ."

मी नजर खाली वळवली. पुन्हा वळून बघितलं, तर ती माझी वाटच बघत होती.

"ऊठ म्हणते ना. नाहीतर मी तिथे येऊन तुझा कान धरेन, सगळ्यांसमोर." शेजारी डोरा हातरुमालात तोंड खुपसून हसत होती.

मी उठलो. कसा उठलो ते ठाऊक नाही. उठताना नकाशा मांडीवरून घसरला आणि पायऱ्यांवरून उलगडत थेट अध्यक्षांच्या टेबलाशी गेला.

"हे काय आहे?" बटरवर्थनी विचारलं.

"दुसरा नकाशा, साहेब. शेडचा. पहिला माझा होता, तो चुकला. हा माझा नाही. मी फक्त रेघा ओढल्यात. हा एंटविसलबाईंचा आहे. त्या मागे बसल्यात."

ग्रेंजरसाहेबांचा चेहरा लाल झाला. ते अध्यक्षांच्या कानाशी वाकले आणि हळूच काहीतरी बोलले. कोणाला ऐकू गेलं नाही. पण त्यांचं तोंड सभागृहाकडे होतं.

हिल्डा उभी राहिली.

"पाच मिनिटं मला पुरतील, मिस्टर ग्रेंजर," ती म्हणाली. "आणि म्हातारी बहिरी आहे, हे तुमचं बरोबर आहे. पण ती आंधळी नाही."

क्षणभर कोणाला काही कळलं नाही. मग डोरा मोठ्याने हसली, आणि मागच्या बाकांवरच्या साऱ्या जुन्या साचेवाल्या हसायला लागल्या. बटरवर्थसाहेबांची आईपण विणकाम खात्यात होती. त्यांनी ओठ दाबून धरले आणि म्हणाले, "नियमाला सोडून आहे, पण बोला."

ती पुढे आली आणि नकाशावर बोट ठेवून बोलली. "धागा तुटला की साचा थांबायचा, आणि साचा थांबला की माझी मजुरी थांबायची. म्हणून कुठे हवा कोरडी आणि कुठे ओली, हे मला पुस्तकाने नाही, पोटाने शिकवलंय. शेडमध्ये काही खोट नाही. माणसं चुकीच्या जागी ठेवली. मला एक हिवाळा द्या. कोणाला कुठे बसवायचं ते मी ठरवते. दहा गाळे भरले नाहीत तर पाडा. पहिली कौलं मी स्वतः काढून देईन."

बरोबर पाच मिनिटं झाली असतील. समितीने एक वर्ष दिलं. पुढच्या मार्चअखेर दहा गाळे, एकही कमी चालणार नाही. बाहेर आल्यावर मी तिला म्हणालो, "तुम्ही फारच छान बोललात." ती म्हणाली, "तू फारच उशिरा उठलास." त्यानंतर आयुष्यभर तिने तो विषय काढला नाही.

भिंती आठ फुटांवर तोडल्या, काचा बसवल्या. मग भाडेकरू यायला लागले, आणि हिल्डा त्यांची जी परीक्षा घ्यायची ती बघण्यासारखी असायची. माणूस किती भाडं देणार हे ती विचारायचीच नाही. विचारायची, "तुमच्या मालाला काय आवडतं?"

"म्हणजे?"

"ओलं की कोरडं? उजेड की सावली? ठोकाठोकी चालते का शेजारी?"

बॅरी सुतार परत यायला तयार नव्हता. हिल्डाने त्याच्या घरी जाऊन त्याची एक फळी उचलून आणली, बॉयलरघराच्या भिंतीशी सहा आठवडे उभी करून ठेवली, आणि परत त्याच्या दारात नेऊन टेकवली. "बघ डोळा लावून." फळी सुतासारखी सरळ होती. बॅरी आला. त्याच्यामागे छापखानेवाला आला. वेताच्या टोपल्या विणणारा एक गप्प माणूस आला, त्याला तिने मागच्या भिंतीशी बसवलं, कारण कोरड्या हवेत वेत मोडतो. त्याच्या शेजारी मातीची भांडी करणारी बाई. तिची भांडी आता हळूहळू वाळायची आणि तडकायची नाहीत. खुर्च्यांना कापड चढवणारे दोघे भाऊ मधल्या दात्याखाली, जिथे काळ्याला काळा जुळतो.

यूसुफ तेव्हा पंचवीस वर्षांचा होता. स्वेटर विणायची चार यंत्रं त्याने दुसऱ्या गावात लावली होती आणि डोक्याला हात लावून बसला होता. घासून घासून सुताला वीज चढायची, धागे एकमेकांना चिकटायचे, यंत्र अडायचं. तो आला आणि म्हणाला, "आंटी, मला एकदम कोरडी, नवी, चकचकीत जागा पाहिजे."

"तुला ओली, जुनी आणि काळीकुट्ट जागा पाहिजे," हिल्डा म्हणाली.

"आंटी, मी गिऱ्हाईक आहे की तुमचा नातू?"

"नातू असतास तर एव्हाना दोन लगावल्या असत्या. यंत्र आण एक. चालव आठवडाभर. नाही चाललं तर तुला हवी ती जागा."

पहिलं यंत्र आठवडाभर एकदाही अडलं नाही. दुसऱ्या सोमवारी उरलेली तीन आली. यूसुफ अजून सांगतो की त्या आठवड्यात त्याने हिल्डाला तीन वेळा मिठी मारली आणि तिन्ही वेळा तिने त्याला झाडूने मारलं.

मार्च उजाडला तेव्हा नऊ गाळे भरले होते. दहावा भरेना. एक जण आला, त्याला मोटारींना रंग फवारायचा होता. ग्रेंजरसाहेबसुद्धा म्हणाले, घ्या त्याला, दहा होतील. आता ते तितकेसे विरोधात राहिले नव्हते. हिल्डा त्या माणसाशी अर्धा तास बोलली आणि त्याला नको म्हणाली. मला धक्का बसला.

"तुम्ही हे काय केलंत? पाच दिवस राहिलेत!"

"त्याचा रंग वरून मोकळ्या जागेतून सगळीकडे जाईल. टोपल्यांवर, कागदावर, यूसुफच्या पांढऱ्या लोकरीवर. एक आणायला नऊ घालवू?"

"पण मग शेड जाईल."

तेव्हा पहिल्यांदा मी तिचा चेहरा उतरलेला बघितला. तिने वर छपराकडे बघितलं. मग चालत चालत शेडच्या मधोमध एका रिकाम्या तुकड्यात जाऊन उभी राहिली. तिसरी पन्हळ तिथे शंभर वर्षं गळत होती. किती वेळा डागलं तरी गळायचीच. नकाशावर मी तो गाळा आखला होता, पण भाड्याने जाईल अशी आशा कोणालाच नव्हती.

"इथे माझे साचे होते," ती म्हणाली. "चार. डोक्यावर टपटप पडायचं. मुकादम म्हणायचा, छत्री घेऊन ये. तुझ्याकडे तो अर्ज आहे का रे? गाळ्याचा?"

अर्ज माझ्या पिशवीत होता. तिने तो भिंतीला टेकवून भरला. नाव: हिल्डा एंटविसल. उद्योग या रकान्यात तिने एकच शब्द लिहिला. चहा.

एकतीस मार्चला ग्रेंजरसाहेब स्वतः मोजायला आले. नऊ गाळे बघितले, एकेकात डोकावले. दहाव्यात एक गॅसची शेगडी, मोठी किटली, दोन बाकडी, चौदा कप आणि पन्हळीखाली एक बादली होती.

"मिसेस एंटविसल, हा लघुउद्योग आहे का?"

"लहान तर दिसतोच आहे."

"पण इथे तयार काय होतं?"

"बसा, दाखवते."

त्यांना कप दिला. साहेब उभेच होते, मग बसले. बॅरी आला, यूसुफ आला, टोपलीवाला आला. छापखानेवाला टोपलीवाल्याला विचारत होता, माझ्या कागदाची कात्रणं तुझ्या मालाच्या पेटीत भरायला चालतील का. बॅरी यूसुफच्या यंत्राला लाकडी ठोकळे करून द्यायचं कबूल करत होता. पन्हळ टपटपत होती. ग्रेंजरसाहेब ऐकत राहिले. कप रिकामा झाल्यावर त्यांनी खिशातून पेन काढलं, कागदावर दहाचा आकडा लिहिला आणि खाली सही केली. जाताना एवढंच म्हणाले, "ती बादली बदला. गळतेय."

त्या जुलैत सगळं गाव नेहमीप्रमाणे एकदम सुट्टीवर समुद्राकडे गेलं. हिल्डा गेली नाही. गाळ्याचं भाडं तिने सुट्टीसाठी साठवलेल्या रकमेतून भरलं होतं. हे मला डोराने सांगितलं, खूप वर्षांनी, तेही ओठांनी.

हिल्डा त्या गाळ्यात एकवीस वर्षं चहा करत होती. हात थकल्यावर यूसुफच्या बायकोने किटली घेतली, आता तिची सून बघते. शेड उभी आहे. तेराही गाळे भरलेले असतात. लोक नाव नोंदवून वाट बघतात.

अंत्यविधीनंतर आम्ही तिकडेच गेलो. यंत्रं सुरू होती. ऑर्डर होत्या, आणि हिल्डाला थांबलेलं यंत्र बघवत नसे. मी तिसऱ्या पन्हळीखाली बाकड्यावर बसलो. तिथून काचांमधून दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत दिसतं. मागच्या भिंतीशी यूसुफचा मुलगा यंत्रापाशी उभा होता. पुढे बॉयलरघराच्या बाजूला बॅरीची मुलगी करवत चालवत होती. बाप निवृत्त झाल्यावर दुकान तिने घेतलं. या दोघांनी आयुष्यात कधी साचा पाहिलेला नाही. तिने करवत थांबवली नाही. मान वर केली, त्याच्याकडे बघितलं आणि ओठ मोठे करून हलवले. त्याने भुवया उडवून काहीतरी उत्तर दिलं. ती हसली.

काय बोलले ते मला नीट कळलं नाही. माझे डोळे आता तितके चांगले राहिले नाहीत. पण तो यंत्र सोडून आमच्याकडे आला, किटलीला हात लावून बघितलं, आणि म्हणाला, "के अंकल, ती विचारतेय, तुम्हाला साखर एक की दोन?"